किल्ला तोच, किल्लेदार वेगळा: दिवाळी टेबलाच्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

वाचनालयाच्या बैठकीत ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत बालविभागात जुन्या व्हिडिओ गेमचं टेबल मांडायचं. माझ्या वाट्याला दोन टेबलं, एक भिंत आणि विजेचा एक बोर्ड. बहुतेकांचं म्हणणं होतं, मारिओ ठेवा, मुलांच्या ओळखीचा आहे. मी ससा मागितला आणि अर्धा तास हुज्जत घालून मिळवला.

ससा म्हणजे काय, ते आधी लिहून ठेवतो. नव्वदच्या दशकात सांगलीला आमच्या घरी टीव्हीला जोडायचा पांढरा व्हिडिओ गेम होता आणि एक पिवळी कॅसेट. तिच्यात बग्ज बनी नावाचा ससा किल्ल्यातून फिरत गाजरं गोळा करायचा. त्याला उडी मारता यायची नाही. जिने चढायचे, दारांतून जायचं, नळीतून पलीकडे निघायचं, आणि मागे लागलेल्यांना चुकवायचं. मामा जहाजावर नोकरीला होते. त्यांनी मामेभावाला जपानहून गेम बॉय, हातात धरून खेळायचा छोटा व्हिडिओ गेम, आणला. त्यातही तसाच किल्ला, तसेच जिने, तशीच दारं, पण आत मिकी माउस. "तुझा गेम डुप्लिकेट आहे," तो म्हणाला. मीही त्याला तेच म्हणालो. मे महिन्याच्या सुट्टीतलं ते भांडण आजीपर्यंत गेलं आणि दोघांचेही गेम दोन दिवस कपाटात गेले.

डुप्लिकेट दोन्ही नव्हते. त्या किल्ल्यात सगळ्यात आधी शिरला होता तो रॉजर रॅबिट, सिनेमातला दुसराच एक ससा, आणि तो जपानबाहेर कधी आलाच नाही. त्याला या टेबलावर आणायचं आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

भिंतीवरचा तक्ता आखायला घेतला. वरच्या बाजूला जपान, अमेरिका, युरोप. डाव्या बाजूला खेळ. प्रत्येक चौकोनात, त्या खेळात त्या देशातल्या मुलांना कोण दिसलं त्याचं चित्र.

पहिली ओळ पक्की झाली. केमको ही जपानमधल्या हिरोशिमा प्रांतातली, कुरे शहरातली व्हिडिओ गेम काढणारी कंपनी. तिने फेब्रुवारी १९८९ मध्ये फॅमिकॉमच्या (निन्टेन्डोचं टीव्हीला जोडायचं जपानी यंत्र) डिस्क सिस्टिमसाठी, म्हणजे कॅसेटऐवजी डिस्कवरून खेळ चालवणाऱ्या जोडयंत्रासाठी, 'रॉजर रॅबिट' काढला. आदल्याच वर्षी आलेल्या सिनेमातला हा ससा. खेळात तो बायकोला, जेसिकाला, सोडवायला निघतो. त्याच वर्षी हाच खेळ अमेरिकेत एनईएसवर, म्हणजे फॅमिकॉमच्याच अमेरिकी अवतारावर, आला तेव्हा रॉजर गायब आणि त्याच्या जागी बग्ज बनी, नाव 'द बग्ज बनी क्रेझी कासल'. जपानमध्ये पुन्हा त्याच वर्षी गेम बॉयवर मिकी माउस. १९९० मध्ये गेम बॉयचा हा खेळ अमेरिकेत गेला तो परत बग्जला घेऊन. एनईएसवर ६० खोल्या, गेम बॉयवर ८०.

रॉजर अमेरिकेत का गेला नाही? हक्क. अमेरिकेत एनईएससाठी रॉजरचे हक्क एलजेएन या दुसऱ्या कंपनीकडे होते. त्यांनी रेअर कंपनीकडून वेगळाच गेम करून घेतला आणि तोही १९८९ मध्येच बाजारात आणला. बरं, मग मिकी तरी न्यावा, तर डिस्नेची पात्रं तिथे एनईएसवर कॅपकॉम या तिसऱ्या कंपनीकडे. केमकोकडे खेळ तयार, किल्ला तयार, आणि किल्लेदाराला परवानगी नाही. म्हणून बग्जची मालक असलेल्या वॉर्नर कंपनीकडून बग्ज आणला.

हा चौकोन, रॉजर आणि अमेरिका, तक्त्यात मी रिकामा सोडला आहे. तिथे बग्जचं चित्र चिकटवायचं असं आधी ठरवलं होतं. पण मग जे झालं नाही ते दिसणारच नाही. बग्ज शेजारी छोट्या चौकोनात जाईल.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून घरी आलो तर ताईचं पार्सल दारात. ताई कोबेला असते. तिने तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून डिस्क सिस्टिमचा लाल ड्राइव्ह आणि 'रॉजर रॅबिट'ची डिस्क पाठवली आहे. सोबत चिठ्ठी: "चालेल असं दुकानदार म्हणाला नाही, चालणार नाही असंही म्हणाला नाही. तू बघ."

डिस्क तळहातावर मावते. पिवळी, वर निन्टेन्डोची अक्षरं खोल कोरलेली. त्या अक्षरांचा उपयोग नुसता शोभेचा नाही. ड्राइव्हमध्ये तसाच साचा आहे, म्हणून साच्याशी न जुळणारी डिस्क त्यात बसत नाही. १९८६ मध्ये ही सिस्टिम आली तेव्हा मुलं रिकामी डिस्क घेऊन दुकानात जायची आणि यंत्रावर ५०० येनमध्ये नवा खेळ भरून आणायची. ही सोय २००३ पर्यंत चालू होती. जपानबाहेर हा ड्राइव्ह अधिकृतपणे विकला गेलाच नाही. म्हणजे रॉजरच्या वाटेत दोन भिंती होत्या, एक कागदाची आणि एक यंत्राची. दुसरी पाडायला कॅसेट पुरली असती. पहिलीला उपाय नव्हता.

१७ ऑगस्ट, रविवार

ड्राइव्ह उघडला. अंदाज होता तेच: आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. या ड्राइव्हचं हे ठरलेलं दुखणं. पट्टा चिमट्याने उचलायला गेलो तर धाग्यासारखा ताणला आणि पुलीला चिकटून राहिला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, आणि दीड तास. काळं निघतच राहतं. पुलीच्या खाचेत राहिलेलं काढायला शेवटी दातकोरणी वापरली. लाकडाची असल्याने ओरखडा पडत नाही. नवा पट्टा बसवला. मोटर फिरली, आवाज गोड आहे.

डिस्क घातली. पडद्यावर मारिओ आणि लुइजी पळाले, मग एरर २२, म्हणजे डिस्क नीट वाचता आली नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

सगळा आठवडा रात्री जेवण झाल्यावर हेच काम. पट्टा बदलला की काम संपत नाही, हे वाचून माहीत होतं. आता हाताने कळलं. या डिस्कवर माहिती लांबच लांब एका वळणावळणाच्या रेघेत लिहिलेली असते, ग्रामोफोनच्या तबकडीसारखी. वाचणारं डोकं सुरुवातीच्या जागी परत येतं त्या क्षणी डिस्क नेमकी कुठे फिरलेली असावी, याचं गणित ठरलेलं आहे. मधल्या चकतीचा बारीक ॲलन स्क्रू सैल करायचा, चकती केसभर फिरवायची, आवळायचा, डिस्क घालून बघायचं. परत सैल, परत केसभर. प्रत्येक वेळचा कोन वहीत आखून ठेवला, नाहीतर आपण कुठून निघालो तेच विसरतो.

एकविसाव्या खेपेला रॉजर दिसला. रात्रीचे पावणेबारा. घरात सगळे झोपलेले, म्हणून ओरडता आलं नाही. लाल पँट, बो टाय, लांब कान. जिना चढवून बघितला. तोच जिना. हाताला वळण आठवत होतं, डोळ्यांना पात्र नवीन होतं.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. काम बंद. टेबल खोलीतून हलवावं लागलं, ड्राइव्ह कपाटावर, फडक्यात.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज अमेरिकी कॅसेट. ओळखीच्या एका संग्राहकाने महिन्यासाठी दिली आहे. एनईएसची कॅसेट ७२ पिनांची, फॅमिकॉमची आणि आपल्याकडच्या व्हिडिओ गेमची ६० पिनांची. मध्ये ॲडॉप्टर लागतो. ऑनलाइन मागवला होता, स्वस्तातला. चित्र पहिल्याच झटक्यात आलं. आवाज नाही.

टीव्ही तपासला, वायर बदलली, दुसरी जपानी कॅसेट लावली तर आवाज खणखणीत. मग डोक्यात उजेड पडला. फॅमिकॉममध्ये यंत्राचा आवाज टीव्हीकडे जाण्याआधी कॅसेटमधून फिरून येतो, पिन ४५ आणि ४६. कॅसेटमध्ये आवाजाची जादा चिप असेल तर ती तिथे आपला सूर मिसळते, नसेल तर दोन पिना नुसत्या जोडलेल्या असतात. एनईएसच्या कॅसेटला या दोन पिनाच नाहीत. म्हणून हिशोब असा बसतो: ६० मधून आवाजाच्या २ वजा, कुलूप-चिपच्या (परवानगी नसलेली कॅसेट अडवणारी चिप) ४ आणि खालच्या जोडणीच्या १० अधिक, बरोबर ७२. ॲडॉप्टर बनवणाऱ्याने ४५ आणि ४६ जोडायच्या सोडून दिल्या होत्या. बोटभर वायर, दोन टाके. वाजू लागला.

आणि वाजल्यावर मी थबकलोच. सूर ओळखीचा, पण धावतोय. आमच्या लहानपणचा ससा एवढ्या घाईत नव्हता. पांढरा व्हिडिओ गेम माळ्यावरून काढला, पिवळी कॅसेट लावली (कॉन्टॅक्ट पुसल्यावर चालू झाली, तीस वर्षांनंतर), आणि घड्याळ लावून दोन्हीकडे तेच गाणं एका फेरीपुरतं मोजलं. जपानी यंत्रावर जे ५० सेकंदांत होतं त्याला आमच्याकडे ६० लागतात. कारण सोपं आहे: जपान-अमेरिकेत जुन्या टीव्हीचं चित्र सेकंदाला ६० वेळा, आपल्याकडे ५० वेळा. आपल्यासाठी बनवलेली ही यंत्रं ५० वर चालायची, खेळही त्याच चालीने. म्हणजे आपल्या पिढीने हा खेळ सहाव्या हिश्श्याने संथ खेळला. ससा संथ, त्याच्या मागचे यॉसेमिटी सॅम आणि सिल्वेस्टर बोकाही संथ. हे कार्डावर लिहायचं आहे, मोठ्या अक्षरात. सांगलीतली आवृत्ती म्हणून तिला तक्त्यात चौथा रकाना द्यावा, असं मनात आलं आणि मी तो आखलाही.

२० सप्टेंबर, शनिवार

मामेभावाचा गेम बॉय मामींनी पाठवला. तो स्वतः भाऊबीजेला येणार. पडद्यावर उभ्या पाच रेघा मेलेल्या. खालच्या रिबनवरून सोल्डरिंग आयर्न हलक्या हाताने फिरवला, पाचही परत आल्या. मिकी उत्तम आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

तक्त्याच्या बाकीच्या ओळी. हे काम मी टाळत होतो कारण गुंता मोठा, पण आज बसलो आणि उठावंसं वाटेना.

दुसरा भाग: जपानमध्ये १९९१ चा 'मिकी माउस २', अमेरिकेत तोच बग्जचा 'क्रेझी कासल २', युरोपात मिकी, आणि पुढे तिथेच ह्यूगो, म्हणजे डेन्मार्कच्या टीव्हीवरचा तो मोठ्या कानांचा बुटका. एका प्रदेशात एकाच खेळाला दोन किल्लेदार. चौकोन तिरका कापला.

पुढे १९९३ चा 'मिकी माउस ४'. जपानी मिकी, अमेरिकेत भुतं पकडणारे घोस्टबस्टर्स, युरोपात गारफिल्ड बोका. या ओळीत तीन चौकोन, तीन वेगळी घराणी.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती तिसऱ्या भागाची ओळ. १९९२ मध्ये केमकोने फॅमिकॉमवर 'मिकी माउस ३' काढला, नावात 'युमे फूसेन', स्वप्नाचा फुगा. फुगा हेच हत्यार, फुग्यावरूनच उंच उडी, फुगा धरूनच अलगद खाली. अमेरिकेत मिकीला पुन्हा तीच आडकाठी. या वेळी केमकोने कुणाचं पात्र आणलं नाही. स्वतःचाच एक विदूषक काढला, किड क्लाउन, आणि १९९३ मध्ये एनईएसवर 'किड क्लाउन इन नाइट मेयर वर्ल्ड' म्हणून तो आला. खलनायकाच्या नावात कोटी आहे: मेयर म्हणजे महापौर, आणि दोन शब्द जोडून म्हटले की दुःस्वप्न. मिकीच्या स्वप्नाचं अमेरिकेत जाताना दुःस्वप्न झालं, पण त्यातून एक नवं पोर जन्मलं. त्याला पुढे स्वतःचे खेळ मिळाले. १९९७ मध्ये जपानी गेम बॉयवर किल्ल्यात धावणाराही हाच विदूषक, आणि १९९९ मध्ये तो खेळ बाहेर 'क्रेझी कासल ३' झाला तेव्हा त्याची जागा परत बग्जने घेतली. बदली कामगार म्हणून आलेल्याला पुन्हा बदली कामगार. मला त्याच्याबद्दल फार वाटतं. त्याचं चित्र सगळ्यात मोठं काढणार आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, चिमटे आणि लाल ड्राइव्ह पूजेला मांडले. आईने ड्राइव्हवरही फूल वाहिलं.

५ ऑक्टोबर, रविवार

समितीतल्या एका तरुण सभासदाने सुचवलं: मेमरी कार्डावर सगळे खेळ भरून एकाच यंत्रावर दाखवा, इतकी यंत्रं कशाला. सोयीचं आहे, मान्य. पण मी नाही म्हणालो. या टेबलाचा विषयच असा आहे की एक खेळ एका वस्तूत होता, ती वस्तू एका देशात विकली गेली, आणि दुसऱ्या देशात नाही. डिस्क, राखाडी अमेरिकी कॅसेट, गेम बॉयची छोटी कॅसेट आणि सांगलीची पिवळी, या चार वस्तू शेजारी ठेवल्या की ते नुसत्या नजरेला कळतं. जे मिळालं नाही (गारफिल्ड, ह्यूगो, किड क्लाउन) ते तक्त्यावर चित्रात राहील. चालवायचं ते मूळ वस्तूवरच.

पिवळी कॅसेट मूळ नाही, नक्कल आहे, हे कार्डावर स्पष्ट लिहिलं. तिच्यामुळेच तो खेळ आमच्यापर्यंत पोचला, हेही लिहिलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

भाचीला, वय नऊ, रंगीत तालमीला बोलावलं. तिने तक्ता वाचला आणि विचारलं, "हक्क म्हणजे काय? चित्र तर कुणीही काढू शकतं."

कार्डावरचं माझं उत्तर चार ओळींचं होतं, तिला पटेना. मग तिला स्नेहसंमेलन आठवून दिलं. आपण दुकानातून कपडे भाड्याने आणतो. तुला झाशीची राणी व्हायचं होतं, संवाद पाठ होते, पण तो पोशाख दुकानदाराने आधीच दुसऱ्या शाळेला दिला होता. मग तू कोण झालीस? "जिजाऊ," ती म्हणाली. "पण संवाद बदलावे लागले. आणि तलवार नव्हती." अगदी तसंच, म्हटलं. रॉजरचा पोशाख दुसऱ्या शाळेने नेला होता.

कार्ड फाडलं. तिचंच उदाहरण लिहिलं.

तिला रॉजरच्या सिनेमातला एक तुकडाही सांगितला: मिकी आणि बग्ज एकत्र हवेतून खाली येतात आणि दोघांनाही पडद्यावर सारखाच वेळ मिळेल अशी अट कंपन्यांनी घातली होती. रॉजर, मिकी आणि बग्ज १९८८ मध्ये एका सिनेमात एकत्र होते. पुढच्या वर्षी तिघेही एकाच किल्ल्यात होते, फक्त एकमेकांना भेटले नाहीत.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

टेबल लागलं. पाटी: 'किल्ला तोच, किल्लेदार वेगळा'. अंगणात मुलांचा मातीचा किल्ला अर्धवट आहे, तिथून चिखलाचे हात घेऊन आत येतात, म्हणून दाराशी बादली आणि टॉवेल ठेवला. ड्राइव्हच्या जवळ कुणालाच जाऊ दिलं नाही. डिस्क मीच घालतो. 'उडी कुठलं बटण?' हा प्रश्न आज निदान तीस वेळा आला. उडी नाही म्हटल्यावर मुलं नाराज होतात आणि दोन मिनिटांत जिन्यावर मांजराला चकवायला शिकतात.

एका आजोबांनी रिकाम्या चौकोनाकडे बोट दाखवून, "इथलं चित्र पडलंय," असं सांगितलं. पडलेलं नाही, म्हटलं, आणि त्यांना बसवून सगळं सांगितलं. ते पुरं ऐकून गेले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मामेभाऊ आला. ओवाळून झाल्यावर सरळ वाचनालयात. मिकी बघून हसला, रॉजर बघून गप्प झाला. "म्हणजे हा पहिला," एवढंच म्हणाला.

त्याने पिशवीतून शाळेची वही काढली. आठवीतली, भूमितीची. मागच्या पानावर आमच्या दोघांच्या अक्षरात पासवर्डची यादी, डावीकडे त्याच्या मिकीची, उजवीकडे माझ्या सशाची. मधोमध वहीभर उभी रेघ, कारण तेव्हा आम्ही बोलत नव्हतो. ही यादी अस्तित्वात आहे हे मी विसरलो होतो.

अमेरिकी कॅसेट ॲडॉप्टरवर लावली. उजवीकडच्या यादीतला शेवटचा पासवर्ड त्याने वाचला, मी टाकला. दार उघडलं. सांगलीच्या बाजारातून घेतलेल्या पिवळ्या कॅसेटचा पासवर्ड अमेरिकेच्या अस्सल कॅसेटवर चालला. म्हणजे पिवळीत होता तो शब्दन् शब्द तोच खेळ, फक्त आपल्या टीव्हीच्या चालीने चालणारा. चौथ्या रकान्यातल्या कार्डावर ही ओळ तिथल्या तिथे पेनने वाढवली.

मग त्याने डावीकडची यादी घेतली, मिकी त्याच्या हातात, बग्ज माझ्या, आणि आम्ही वाचनालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत खेळलो. तो सत्तराव्या खोलीच्या पुढे गेला, मी पन्नासच्या घरात अडकलो.

२६ ऑक्टोबर, रविवार

आवराआवर. अमेरिकी कॅसेट संग्राहकाला परत. गेम बॉय मामेभाऊ घेऊन गेला, वही इथेच ठेवून गेला. ड्राइव्हमधला पट्टा पुन्हा उघडून बघितला, कडा कोरडी आहे, ताण ठीक. दोन जादा पट्टे मागवले. चकतीचा चालणारा कोन ड्राइव्हच्या आतल्या बाजूला पेन्सिलने आखून ठेवला, पुढे कुणी उघडलं तर शोधत बसायला नको. तक्ता वाचनालयाने मागितला आहे, बालविभागातच राहील. रिकामा चौकोन तसाच.